दूरच्या ताऱ्याचा हिशोब : फ्रेडरिक बेसेल



पावसाळा संपून आभाळ निवळले, की ऑक्टोबरच्या मध्याला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अंगणात किंवा गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड करून उंच पाहा. समोर एक तेजस्वी तारा दिसेल. तो हंस या तारकापुंजातील देनेब. डावीकडे वायव्येला त्याहून ठळक अभिजित दिसेल आणि डोक्यावरून मागे, नैर्ऋत्येकडे झुकलेला श्रवण. इंग्रजी पुस्तकांत अभिजितला वेगा आणि श्रवणाला अल्तेर म्हणतात. देनेब, वेगा, अल्तेर ही तिन्ही नावे मुळात अरबी आहेत. अरबी ग्रंथांतून ती युरोपात गेली आणि तेथेच रुळली. देनेब म्हणजे शेपूट, हे आपल्यातील अरबी जाणणाऱ्यांना सांगायला नको.

आता देनेबपासून डोक्याच्या दिशेने, जरा उजवीकडे, हात लांब करून चार बोटे धरावीत तेवढे सरका. गावाबाहेरच्या काळोखात चांगली नजर असेल तर तेथे एक अंधुक तारा दिसतो. शहरात मात्र दुर्बीण लागते. या ताऱ्याला स्वतःचे नाव नाही, नुसता यादीतला क्रमांक आहे : हंस ६१. त्याचा जो प्रकाश आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो तेथून निघाला तेव्हा आपल्या शाळेत आज सहावीच्या वर्गात बसणारी मुले नुकतीच जन्माला आली होती. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ पुरतो. हंस ६१ पासून यायला मात्र ११.४ वर्षे लागतात. आणि हा तर आपल्या शेजारचा तारा आहे !

हे अंतर प्रथम ज्याने मोजले, त्या माणसाची हकीकत मला तुम्हांला सांगायची आहे. मी कला शाखेचा पदवीधर. गणिताचा अधिकारी नव्हे. पण हा माणूस चौदाव्या वर्षी शाळा सोडून एका पेढीवर उमेदवारी करायला गेला होता, हे वाचले तेव्हा मला माझ्या वर्गातील कितीतरी मुलांचे चेहरे आठवले. म्हणून हे धाडस करीत आहे.

फ्रेडरिक विल्हेल्म बेसेल याचा जन्म २२ जुलै १७८४ रोजी जर्मनीतील मिंडेन या गावी झाला. वडील सरकारी नोकर होते आणि आई एका धर्मोपदेशकाची मुलगी. सहा मुली आणि तीन मुलगे असा मोठा प्रपंच, मिळकत बेताची. फ्रेडरिकला गावच्या शाळेत घातले, पण तेथे लॅटिन भाषेला फार महत्त्व होते आणि लॅटिनशी त्याचे कधीच जमले नाही. आकडेमोडीत मात्र त्याला गोडी होती. शेवटी व्यापारात पडावे असे ठरले आणि चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली.

१७९९ च्या पहिल्या दिवशी तो ब्रेमेन या बंदराच्या शहरात कुलेनकाम्प यांच्या पेढीवर दाखल झाला. परदेशांशी मालाची ने-आण करणारी ती मोठी पेढी होती. करार सात वर्षांच्या उमेदवारीचा, आणि तोही बिनपगारी. मुलगा हिशोबात इतका चोख निघाला, की मालकांनी करारात नसतानाही त्याला थोडेफार वेतन देण्यास सुरुवात केली.

पालकहो, येथे त्याचे शिक्षण संपले असे कोणालाही वाटले असते. खरे पाहता ते येथे सुरू झाले. मालाबरोबर जहाजावरून दूरदेशी जाणारा व्यापारी प्रतिनिधी व्हावे, अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी परदेशांची माहिती हवी म्हणून तो भूगोल शिकला. तिकडच्या लोकांशी बोलता यावे म्हणून इंग्रजी आणि स्पॅनिश शिकला. समुद्रात जहाज नेमके कोठे आहे हे कळले पाहिजे, म्हणून नौकानयनाची पुस्तके उघडली. त्या पुस्तकांत असे निघाले, की खुल्या समुद्रात जहाजाचे ठिकाण ताऱ्यांवरून ठरवतात. मग ताऱ्यांचे शास्त्र आले आणि त्यासाठी लागणारे गणित आले. दिवसा पेढीच्या वह्या आणि रात्री ही पुस्तके, असा क्रम सुरू झाला. नुसते वाचून त्याचे समाधान होईना, म्हणून सुतार आणि घड्याळजी यांच्या मदतीने कोन मोजण्याचे साधे उपकरण करवून घेऊन त्याने स्वतः निरीक्षणे केली आणि ब्रेमेन शहराचे रेखांश काढून पाहिले. पेढीला लागणारी एक गोष्ट शिकता शिकता हा उमेदवार पेढीच्या पार पलीकडे जाऊन पोचला.

१८०४ साली त्याच्या हाती १६०७ मधील हॅलेच्या धूमकेतूची जुनी निरीक्षणे लागली. टॉमस हॅरियट या इंग्रज विद्वानाने ती केली होती. त्यांवरून फ्रेडरिकने धूमकेतूचा मार्ग गणिताने मांडला. ब्रेमेनमध्येच डॉ. ओल्बर्स नावाचे वैद्यक करणारे गृहस्थ राहत होते. धूमकेतूंच्या अभ्यासात त्यांचे नाव युरोपभर गाजलेले होते. वीस वर्षांच्या या पोरसवदा कारकुनाने एके दिवशी त्यांना रस्त्यातच गाठले आणि आपले गणित दाखवण्याची परवानगी मागितली. ओल्बर्स यांनी कागद घरी नेऊन वाचले. हे काम पदवीधर विद्वानालाही भूषण ठरावे असे आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते छापून येण्याची व्यवस्था केली. पुढे आयुष्यभर त्यांनी बेसेलला मुलासारखे जपले. गुणी मुले पुष्कळ असतात. त्यांचे कागद घरी नेऊन वाचणारा ओल्बर्स मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

१८०६ मध्ये उमेदवारीची मुदत संपत आली. पेढीत चांगल्या पगाराची जागा मिळत होती. दुसरीकडे ब्रेमेनजवळ लिलिएंथाल येथील श्रोटर यांच्या खाजगी वेधशाळेत साहाय्यकाची जागा होती. वेतन अगदी तुटपुंजे. बेसेलने थोडा विचार केला आणि दुसरी वाट धरली.

लिलिएंथाल येथे असतानाच ओल्बर्स यांच्या सूचनेवरून त्यांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेत ब्रॅडली या ज्योतिषशास्त्रज्ञाने १७५० ते १७६२ या काळात हजारो ताऱ्यांची स्थाने नोंदवून ठेवली होती. पण उपकरणातील दोष, हवेमुळे प्रकाशाचे होणारे वाकणे, पृथ्वीच्या गतीचा परिणाम, हे सारे त्या आकड्यांत मिसळलेले होते. बेसेल यांनी जमाखर्चाची वही तपासावी तसा एकेक आकडा तपासला, प्रत्येक चूक वेगळी काढली आणि तीन हजारांहून अधिक ताऱ्यांची शुद्ध स्थाने सिद्ध केली. हा ग्रंथ १८१८ साली प्रसिद्ध झाला. ताऱ्यांच्या अचूक मोजणीचा पाया त्याने घातला गेला.

दरम्यान प्रशियाच्या राजाने कोनिग्सबर्ग येथे नवी वेधशाळा उभारण्याचे ठरवून तिच्या प्रमुखपदी बेसेल यांना नेमले. वय अवघे पंचवीस ! तेथे विद्यापीठात प्राध्यापकही व्हायचे होते आणि त्यांच्याजवळ तर शाळा पूर्ण केल्याचा दाखलाही नव्हता. त्या काळचे थोर गणिती गाउस यांनी गटिंगेन विद्यापीठाकडून त्यांना डॉक्टर ही पदवी देवविली आणि अडचण दूर झाली. १८१२ साली नेपोलियनचे सैन्य त्याच शहरातून रशियाकडे गेले, त्या धामधुमीतही वेधशाळेचे बांधकाम चालू राहिले आणि १८१३ च्या अखेरीस निरीक्षणे सुरू झाली. बेसेल मरेपर्यंत तेथेच राहिले.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळू.

विश्व किती मोठे आहे, हा प्रश्न फार जुना. नवव्या शतकातील विद्वान अल-फरगानी यांनी आपल्या काळच्या पद्धतीने हिशोब करून तारे पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे वीस हजार पट दूर असल्याचे लिहिले. त्या काळी हा आकडा छाती दडपवणारा होता. पण आज आपल्याला माहीत आहे, की नुसता सूर्यच पृथ्वीच्या त्रिज्येच्या साडेतेवीस हजार पट दूर आहे. म्हणजे त्या काळचे सारे तारांगण सूर्याच्या अलीकडेच मावले होते !

१५४३ मध्ये कोपर्निकस यांचा ग्रंथ निघाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे त्यात मांडले होते. त्यावर विद्वानांनी रास्त शंका काढली. ती समजण्यासाठी एक प्रयोग करा. हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी उजवा डोळा मिटून आणि मग डावा डोळा मिटून त्याच्याकडे पाहा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसतो. आता तोच अंगठा डोळ्यांच्या जवळ आणा, सरकणे वाढते. दूर न्या, कमी होते. याच न्यायाने पृथ्वी जर सूर्याभोवती फिरत असेल, तर जानेवारीत आणि जुलैत आपण एकाच ताऱ्याकडे जणू दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहतो. त्या दोन जागांमध्ये सुमारे तीस कोटी किलोमीटर अंतर असते. मग जवळचे तारे सरकलेले का दिसत नाहीत ? उत्तरे दोनच होती. एक तर पृथ्वी स्थिर आहे, किंवा तारे इतके दूर आहेत की त्यांचे सरकणे डोळ्यांना जाणवतच नाही. कोपर्निकस यांच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे शास्त्रज्ञ हे सरकणे शोधत राहिले आणि चुकत राहिले. कधी उपकरण वाकलेले निघे, कधी हवा फसवी, तर कधी स्वतः पाहणाराच.

पाहणारा कसा फसतो, याचे उदाहरण सांगतो. १७९६ मध्ये ग्रिनिच येथील किनब्रूक नावाच्या साहाय्यकाला कामावरून काढून टाकले. कारण त्याने नोंदवलेल्या वेळा वरिष्ठांच्या वेळांहून जवळजवळ आठ दशांश सेकंदाने मागे पडत होत्या. ही बातमी वाचून बेसेल यांनी वेगळाच विचार केला. दोष त्या माणसाच्या आळसाचा नसेल. प्रत्येक माणसाचे डोळे, कान आणि मन यांची गतीच वेगळी असेल. त्यांनी इतर निरीक्षकांबरोबर स्वतःची परीक्षा घेतली आणि तसेच निघाले. सर्वांत नावाजलेला निरीक्षकही थोडा चुकतोच; म्हणून स्वतःची चूकही मोजून हिशोबात धरली पाहिजे, हा धडा त्यांनी शास्त्राला दिला. बिचाऱ्या किनब्रूकला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

तारा निवडतानाही बेसेल यांनी असाच विचार केला. बहुतेकांना वाटे, जो तारा ठळक तो जवळ. पण आगगाडीतून पाहताना जवळची झाडे भराभर मागे पळतात आणि दूरचे डोंगर जागचे हलत नाहीत, हे तुम्ही पाहिले असेल. आकाशात हंस ६१ हा अंधुक तारा इतर ताऱ्यांच्या मानाने फार वेगाने जागा बदलताना आढळला होता. एका वर्षात तो सुमारे पाच विकला सरकतो. अंशाचे ३६०० भाग केले म्हणजे त्यातील एक भाग ही विकला. इतका पळणारा तारा जवळचाच असणार, असे बेसेल यांनी ताडले. पूर्वी एकदा त्यांनी तो मोजून पाहिला होता, पण हाती काही लागले नव्हते. आता त्यांच्याजवळ म्युनिकचे कुशल कारागीर फ्राउनहोफर यांच्या कारखान्यात तयार झालेली दुर्बीण होती. तिचे मुख्य भिंग मधोमध कापून दोन अर्धे केलेले होते. ते अर्धे एकमेकांवरून सरकवून दोन ताऱ्यांच्या प्रतिमा एकत्र आणायच्या आणि किती सरकवावे लागले ते मोजून त्यांच्यातील अंतर काढायचे, अशी युक्ती होती. असे उत्तम भिंग कापायला केवढे धैर्य लागले असेल !

ऑगस्ट १८३७ पासून वर्षभराहून अधिक काळ बेसेल यांनी हंस ६१ आणि त्याच्या जवळ दिसणारे, पण खूप मागे असलेले दोन अंधुक तारे यांमधील अंतरे पुन्हा पुन्हा मोजली. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या शहरातील हिवाळ्याच्या रात्रीही यातून सुटल्या नाहीत. मग उष्णतेने आणि थंडीने धातू किती फुगतो व आकसतो, याची वजाबाकी केली आणि १८३८ च्या अखेरीस निकाल जाहीर केला. तारा सरकत होता, आणि पृथ्वीच्या फेऱ्याशी बरोबर जुळेल असाच सरकत होता. सूर्य-पृथ्वी अंतराच्या हिशोबाने हे सरकणे ०.३१ विकला भरले. एक इंचाचे नाणे सुमारे सोळा किलोमीटर अंतरावरून पाहिले तर जेवढे दिसेल, तेवढा हा कोन !

त्यावरून अंतर निघाले सूर्याच्या अंतराच्या ६,५७,७०० पट. एवढा आकडा माणसाच्या कल्पनेत मावेना, म्हणून बेसेल यांनी तो प्रकाशाच्या प्रवासाने समजावून सांगितला : प्रकाशाला तेथून यायला १०.३ वर्षे लागतात. आजच्या मापाने ही वर्षे ११.४ भरतात, म्हणजे बेसेल यांचा आकडा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होता. आपण घरगुती माप घेऊ. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये एक मीटर अंतर आहे असे माना. मग हंस ६१ सुमारे ७२० किलोमीटरवर येईल. मुंबईहून मोटारीने हैदराबादला जावे, जवळजवळ तेवढे दूर. आणि मध्ये वाटेत काय ? जवळजवळ पूर्ण मोकळे.

या शर्यतीत बेसेल एकटे नव्हते. श्ट्रुव्ह यांनी अभिजित ताऱ्याचे आणि हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून घेतलेल्या वेधांवरून मित्र या ताऱ्याचे मोजमाप त्याच सुमारास केले. पण बेसेल यांचा हिशोब इतका स्वच्छ होता, की तो प्रथम सर्वमान्य झाला. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

पण त्याआधीच घरावर आघात झाला होता. १८४० मध्ये त्यांचा तरुण मुलगा विल्हेल्म वारला. ते दुःख उराशी घेऊन बेसेल काम करीत राहिले. १८४४ मध्ये त्यांनी व्याध आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या चालीतील बारीक हेलकावे पाहून प्रत्येकाला एक न दिसणारा सोबती असला पाहिजे, असे सांगितले. पुढे दीर्घ आजाराने १७ मार्च १८४६ रोजी त्यांचे निधन झाले. व्याधाचा तो सोबती १८६२ मध्ये दुर्बिणीतून दिसला, तेव्हा तो सांगणारा मातीआड होऊन सोळा वर्षे लोटली होती. त्यांचे कोनिग्सबर्ग आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. वेधशाळा दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली.

काम मात्र उद्ध्वस्त झाले नाही. बेसेल यांची रीत ही विश्वाच्या शिडीची पहिली पायरी ठरली. जवळच्या ताऱ्यांची अंतरे कळली म्हणून दूरच्यांची पारखता आली. १९१२ मध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी लुकलुकणाऱ्या काही ताऱ्यांच्या तेजाचा नियम दाखवला आणि त्या नियमाच्या आधारे हबल यांनी १९२० च्या दशकात देवयानी पुंजातील अंधुक ढग आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा असल्याचे सिद्ध केले. हाच ढग अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात नोंदवून ठेवला होता. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. बेसेल यांचीच रीत घेऊन युरोपच्या गाया या अंतराळयानाने २०१४ ते २०२५ या काळात वेध घेतले, आणि त्यांतून सुमारे दीड अब्ज ताऱ्यांची मोजमापे तयार झाली आहेत.

पालकहो, दरवर्षी माझ्या वर्गातील एखाद-दुसरा मुलगा शाळा सोडून दुकानावर बसतो, कोणी बोटीवर जातो, तर कोणी आखातातील नोकरीची वाट पाहतो. घरची अडचण मला समजते. बेसेल यांचे उदाहरण देऊन शाळा सोडली तरी चालते असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांना शाळेबाहेर जे मिळवावे लागले, त्यासाठी त्यांनी तरुणपणाच्या साऱ्या रात्री खर्ची घातल्या. शिवाय वाटेत ओल्बर्स आणि गाउस भेटले. शक्य असेल तोवर मुलाला आणि मुलीला शाळेत ठेवा. पण अगदीच नाइलाज झाला, तर तालीम संपली असे त्यांच्या मनावर बिंबवू नका. दुकानावर बसणाऱ्या मुलाच्या हाती रात्री एक पुस्तक राहू द्या, आणि त्याने काही लिहून आणले तर ते वाचायला आम्हा शिक्षकांकडे पाठवा.

आणि मुलांनो, ऑक्टोबरमध्ये हंस ६१ शोधायला विसरू नका. तो सापडला, की त्याच्या प्रकाशाच्या प्रवासाची किलोमीटरमधली बेरीज वहीत स्वतः करून पाहा. शून्ये मोजताना चूक होईल, पुन्हा करा. बेसेल यांनीही तेच केले होते.